तबला वाजतोय, पण गाणारी गायब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. विषय वरवर बघितला तर अगदीच फुसका: कॉम्प्युटरच्या स्पीकरची तुटलेली वायर. पण या वायरीपायी बावीस पोरांच्या एका शाळेच्या अनुदानातले जवळजवळ दोन हजार रुपये जाणार होते, आणि गेले असते तरी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं. मला त्या वावगं न वाटण्याबद्दल बोलायचंय.

आमच्या वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच जणांना माहीत आहे. दोन शिक्षक, चौथीपर्यंत वर्ग. लोकवर्गणीतून काही वर्षांपूर्वी एक कॉम्प्युटर, एक मोठा पडदा आणि एक सबवूफरवाला स्पीकरचा सेट घेतला. म्हणजे खाली एक मोठा डबा आणि शेजारी दोन लहान स्पीकर, घरोघरी असतो तसाच. पोरांना कविता चालीवर ऐकवायच्या, गोष्टी ऐकवायच्या, २६ जानेवारीला देशभक्तीपर गाणी लावायची, सगळं त्याच्यावर. दिवाळीच्या सुट्टीत उंदराने डब्यातून कॉम्प्युटरकडे जाणारी वायर कुरतडली. गुरुजी हरहुन्नरी आहेत. त्यांनी वायर सोलली, आतल्या तीन तारांपैकी लाल आणि हिरवी ब्लेडने खरवडली, तिन्ही तारा रंगाला रंग जुळवून पिळल्या आणि वर टेप गुंडाळला. आवाज आला. पण कसा? गाण्यातली गाणारी बाई गायब! तबला ऐकू येतो, बासरी ऐकू येते, कोरस लांबून आल्यासारखा येतो, मागे बारीक घूं असा सूर, आणि गाण्याचे शब्द मात्र नाहीत. बाईंनी स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड केलेली गोष्ट लावली तर काहीच नाही. पोरं म्हणाली, बाई, भूत आहे.

तालुक्याहून कॉम्प्युटरवाला मुलगा बोलावला. त्याने विंडोज मारून दिली, चारशे रुपये घेतले. गाणारी आली नाही. त्या मुलाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. काही कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये गाण्यातला आवाज काढून टाकायची कराओकेची सोय असते, त्याला ती चालू असल्याचा संशय आला असेल. पण विंडोज पुसण्याआधी कॉम्प्युटरचा जॅक काढून मोबाइलमध्ये घातला असता, तर दोन मिनिटांत कळलं असतं की मोबाइललाही तोच आजार आहे. मग दोष कॉम्प्युटरचा कसा असेल? पुढचा सल्ला आला, सबवूफर गेलाय, सेट बदला. तीन दुकानांची दरपत्रकं आली, सगळ्यात कमी एकोणीसशे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव मांडायचा ठरला. मी पालक म्हणून त्या समितीवर आहे, म्हणून हे माझ्यापर्यंत आलं. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलोय, पुढे काही वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त करून पोट भरलंय, त्यामुळे गाणारी गायब म्हटल्यावर माझे कान टवकारले. हे लक्षण ज्याने एकदा पाहिलंय तो विसरत नाही.

आता थोडं शास्त्र. कंटाळू नका, तुमच्या घरातही हे होणार आहे.

कॉम्प्युटरला लागतो तो साडेतीन मिलिमीटरचा जॅक नीट बघा. त्यावर दोन काळ्या रेघा असतात आणि त्यामुळे त्याचे तीन भाग पडतात. टोक म्हणजे डावा आवाज, मधलं कडं म्हणजे उजवा आवाज, आणि मुठीजवळचा भाग म्हणजे ग्राउंड, दोघांची परतीची सामाईक वाट. दोन नळ आणि त्यांना मिळून एकच मोरी असं समजा. आता मोरी तुंबली तर? डाव्या नळाच्या पाण्याला परत जायला एकच रस्ता उरतो, उजव्या नळातून उलटा. पण तिकडूनही पाणी तेवढ्याच जोराने येतंय. दाराला दोन्ही बाजूंनी दोघांनी सारखाच रेटा दिला तर दार हलतं का? तसंच होतं. डावीकडे आणि उजवीकडे जे सारखं आहे ते एकमेकांना मारतं आणि फक्त दोघांमधला फरक उरतो.

गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा बरोबर मध्ये ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा. तो गेला. बासरी, तबला एखाद्या बाजूला सरकवलेले असतात, ते राहिले. खर्ज सुद्धा सहसा मध्येच असतो, म्हणून सबवूफर गप्प बसला आणि बिचाऱ्यावर आळ आला. बाईंच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच, म्हणून तिथे पूर्ण शांतता. आणि मागची घूं म्हणजे ग्राउंड नसल्यामुळे आसपासच्या विजेच्या तारांमधून शिरलेली ५० हर्ट्झची गुणगुण. सगळी लक्षणं एकाच ठिकाणी बोट दाखवत होती: ग्राउंडची तार जोडलेली दिसते, पण जोडलेली नाही.

जॅक अर्धवट घुसवला तरी हाच प्रकार होतो. तेव्हा घरी असं झालं तर आधी जॅक काढून पुन्हा ‘टक’ आवाज होईपर्यंत दाबून घाला. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पण मग गुरुजींचं चुकलं कुठे? खरं सांगायचं तर कुठेच नाही, आणि माझा राग तिथूनच सुरू होतो. या स्वस्त केबलमधल्या तारा केसासारख्या बारीक असतात, त्यांच्यात मजबुतीसाठी दोराही घातलेला असतो, आणि प्रत्येक केसावर लाखेसारख्या वार्निशचा थर असतो. लाल तारेवर लाल वार्निश, हिरवीवर हिरवं. ते दिसतं, म्हणून कुणीही शहाणा माणूस ते खरवडतो. तिसरी तार तांब्याच्या रंगाची. पुष्कळ केबलमध्ये ती उघडीच असते. पण काही केबलमध्ये तिच्यावरही वार्निश असतं, आणि ते असतं पारदर्शक! तार नागडी दिसते, अंगावर मात्र कपडे आहेत. गुरुजींनी दिसणारं वार्निश काढलं, न दिसणारं राहिलं. तांब्याला तांबं पिळलं, पण मध्ये दोन थर वार्निशचे. वीज जाणार कुठून?

इथे मीटरही माणसाला फसवतो, हे मुद्दाम सांगतो, कारण व्हिडिओ बघून दुरुस्ती करणारी बरीच पोरं इथेच अडकतात. मल्टिमीटर बीपवर ठेवला, एक टोक जॅकच्या मुठीजवळच्या भागाला लावलं आणि दुसरं या तांबड्या तारेवर टेकवलं, तर तार धडधाकट असूनही बीप येत नाही. टोक वार्निशवर टेकलंय. मग माणूस समजतो की वायर आत कुठेतरी तुटली, आणि अख्खी केबल फेकतो. आधी टोकाचं वार्निश जाळा, मग मीटर लावा.

जाळायचं म्हणजे काडेपेटीने नाही. काडीने तांबं काळं पडतं, दोऱ्याची राख होते आणि तार ठिसूळ होते. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापू द्या, टोकाला सोल्डरचा थेंब घ्या, तार राळेत बुडवून त्या थेंबात धरा. पाच-दहा सेकंदांत वार्निश धुराबरोबर उडतं आणि तारेला चंदेरी कल्हई चढते. खिडकी उघडी ठेवा, तो धूर वाईट असतो. कल्हई चढली म्हणजे तार उघडी झाली. आता मीटर खरं बोलेल.

शाळेत बसून हे केलं तेव्हा आठ-दहा पोरं भोवती होती. कुरतडलेला तुकडा कापून टाकला. तिन्ही जोड एकाच जागी न घेता मागेपुढे घेतले, म्हणजे सुटले तरी एकमेकांना लागायला नकोत. आकसणारी नळी जोड मारायच्या आधी वायरीत ओवली. लोक ही नळी नंतर आठवतात, मग जोड तोडा आणि पुन्हा करा. जोडून झाल्यावर मीटरवर टोकाला टोक, कड्याला कडं, ग्राउंडला ग्राउंड अशा तीन बीप घेतल्या. त्यानंतर उलट तपासणी केली, म्हणजे टोक आणि ग्राउंड यांच्यात बीप येत नाही ना, कडं आणि ग्राउंड यांच्यात येत नाही ना. ही उलट तपासणी सगळे टाळतात. ती टाळली आणि दोन तारा चिकटलेल्या राहिल्या तर एक बाजू गप्प होते. आणि चिकटलेल्या तारा ॲम्प्लिफायरकडून लहान स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीत असल्या, तर आतली आयसीच जळू शकते. मग खरोखर नवा सेट घ्यावा लागेल. सगळं तपासल्यावर आवाज एकदम कमी ठेवून गाणं लावलं. गाणारी आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण एक जण हिरमुसला. त्याला भूत हवं होतं.

खर्च किती? आकसणारी नळी, थोडं सोल्डर, पुन्हा उंदीर येऊ नये म्हणून वायरीवर चढवलेली प्लॅस्टिकची जाड नळी. पन्नास रुपयांच्या आत. माझा वेळ पाऊण तास. त्याची मजुरी मी घेतली नाही, पण ती शंभर-दीडशे धरायलाच हवी. दुरुस्ती फुकट व्हावी असं माझं अजिबात म्हणणं नाही. ‘जरा बघून दे ना, एवढंसं तर काम आहे’ या वाक्याने आपल्या तालुक्यातले किती कारागीर देशोधडीला लागले ते मी जवळून पाहिलंय. पाऊण तासाचं काम हे पाऊण तासाचं काम आहे, मग वस्तू केवढीही असो.

आता मुद्दा. समग्र शिक्षा योजनेत तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये आहे. त्यात खडू, रजिस्टरं, झाडू, डागडुजी, विजेचं बिल आणि बिघडलेल्या वस्तू. एकोणीसशे म्हणजे त्याचा जवळपास पाचवा हिस्सा. विंडोज मारायचे चारशे वेगळे, ते तर गेलेच. वर जुना सेट फेकताही येत नाही. तो डेडस्टॉक रजिस्टरवर आहे, निर्लेखनाची मंजुरी येईपर्यंत कोठीत धूळ खात पडणार. मी कोठी उघडायला लावली. आत आणखी दोन स्पीकर सेट निघाले. एकाची अडॅप्टरची वायर पिनेपाशी तुटलेली, बाकी सेट ठणठणीत. दुसऱ्याच्या एका स्पीकरला उलटी वायर जोडलेली. उलटी म्हणजे प्लसची मायनसला. तसं केलं की दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतात, खर्ज खाल्ला जातो आणि आवाज पत्र्यासारखा पोकळ येतो. वायरीच्या एका बाजूला रेघ असते ती त्याचसाठी. हे दोन्ही सेट ‘खराब’ म्हणून बाद झाले होते. आपण एका शाळेबद्दल बोलतोय. अंगणवाडी, ग्रामपंचायत, वाचनालय, भजनी मंडळ, सगळ्यांच्या कोठ्या एकदा उघडून बघा.

यावर नेहमीचं उत्तर येतं, की आजकालच्या वस्तू दुरुस्त होतच नाहीत, वापरा आणि फेका. हे अर्धसत्य आहे. वस्तू दुरुस्त होते, पण ती होऊ नये अशी सोय करून ती विकली जाते. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंपैकी कित्येकांच्या पेटीत सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा. कंपनी जणू सांगायची, बिघडला तर तुमच्या गावच्या मेकॅनिकला हा दाखवा. आजच्या स्पीकरच्या बुडाला काय चिकटवलेलं असतं? ‘उघडल्यास वॉरंटी रद्द.’ कोणत्या रंगाची तार कशाची, एवढी ओळ छापायला कंपनीला किती खर्च येतो? साधारणपणे लाल म्हणजे उजवा हा रिवाज, पण तो पाळायची कुणावर सक्ती नाही, आणि मी उलटेसुलटे रंग भरपूर पाहिलेत. वायर डब्याला कायमची जडवलेली. तिच्याऐवजी मागे खाच दिली असती आणि दोन्हीकडून निघणारी केबल दिली असती, तर उंदराने कुरतडलेली वायर गुरुजींनी साठ-सत्तर रुपयांना बाजारातून आणून लावली असती आणि ना विंडोज मारावी लागली असती, ना माझी गरज पडली असती.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे स्वतःचे खास प्लग. काही महागड्या सेटमध्ये आवाजाचा कंट्रोल आणि सबवूफर यांच्यात एक बहुपिनी केबल असते. दिसायला थेट जुन्या मॉनिटरच्या केबलसारखी. लोक म्हणतात वा, मॉनिटरची केबल घरात आहे, लावून टाकू. लागतेही. पण मॉनिटरच्या केबलमध्ये काही पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, एखादी पिन नसतेच, आणि स्पीकरवाल्याने त्याच पिनांवर भलतंच काही सोडलेलं असतं. स्पीकर चालत नाही, कधी कधी बिघडतो. कोणती पिन कशाची, हे कुठेही छापलेलं नाही. साध्या वायरीला कुलूप लावायची ही पद्धत आहे, आणि किल्ली फक्त कंपनीकडे.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाबद्दल एका समितीने अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीची माहिती मिळते का, यावर गुण देऊन ते गुण गिऱ्हाइकाला दाखवायचे, अशी ती कल्पना. फ्रान्समध्ये असे गुण जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर छापले जातात. कल्पना चांगलीच आहे. पण पोर्टल हे कंपन्यांनी आपणहून माहिती द्यायची जागा आहे, आणि त्यातून सगळ्यात जास्त मिळतो तो अधिकृत सर्व्हिस सेंटरचा पत्ता. आमच्या वस्तीपासून असलं सेंटर किती लांब, हे तुम्हाला सांगायला नको. दोन हजारांचा स्पीकर घेऊन एसटीने पुण्याला कोण जाईल?

दुसरीकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात उत्पादकांवर रिसायकलिंगची जबाबदारी टाकली आहे, आणि ती टाकायलाच हवी होती. पण नियमांचा सगळा जोर वस्तू मेल्यानंतरच्या क्रियाकर्मावर आहे, ती मरू नये म्हणून काय करायचं यावर फार कमी. आणि क्रियाकर्म प्रत्यक्षात कसं होतं ते आपल्या भंगारवाल्यांच्या अड्ड्यामागे संध्याकाळी जाऊन बघा. वायरीचा ढीग करून पेटवतात, वरचं पीव्हीसी जळतं, तांबं उरतं. त्या धुराला विषारी म्हणायला प्रयोगशाळा लागत नाही, डोळे आणि घसा पुरे. शाळेच्या तुटलेल्या वायरीचा शेवट तिथेच झाला असता.

म्हणून माझं म्हणणं आहे की दुरुस्तीच्या हक्काची मोजणी महागड्या मोबाइलपासून नको, वायरीपासून करा. बहुतेक वस्तूंमध्ये पहिल्यांदा वायर जाते, जॅक जातो, अडॅप्टरची पिन जाते. आतली इलेक्ट्रॉनिक्स त्यामानाने दणकट असते. आणि हे करायला दिल्लीच्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. खरेदी आपण करतो. शिक्षण हक्क कायदा २००९ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक दिलेत, ते नुसत्या सह्या करायला नव्हेत. दरपत्रक मागवताना दोन ओळी वाढवायच्या: वायर दोन्ही टोकांनी निघणारी आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या जॅकची असावी, आणि एक जास्तीची वायर व अडॅप्टर सोबत द्यावा. एकाच किमतीच्या दोन सेटपैकी ज्याची वायर निघते तो घ्यायचा. बैठकीत मी हे मांडलंय. नव्या सेटचा ठराव मागे घेतला, पण खरेदीच्या अटींचा ठराव अजून लटकलाय. एका सदस्याचं म्हणणं, एवढ्या बारीक अटी घातल्या तर दुकानदार दरपत्रकच देणार नाहीत. मला तसं वाटत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर अशा निघणाऱ्या वायरीचे सेट समोरच मांडलेले दिसतील. ते मागितले नाहीत म्हणून आपल्याकडे येत नाहीत. ग्रामपंचायतीने हीच अट घातली तर दुकानदार दुसऱ्या आठवड्यात माल आणेल, पैज लावतो.

दुसरी गोष्ट आयटीआयची. इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड शिकणारी पोरं बोर्डावर त्याच त्याच सर्किटचा सराव करतात. वर्षातून दोनदा त्यांना शाळांच्या कोठ्यांवर सोडा. पोरांना खरा बिघाड शोधायला मिळेल. पुस्तकातला बिघाड शहाण्यासारखा वागतो, खरा बिघाड गाणारीला गायब करतो. शाळांच्या वस्तू जिवंत होतील. त्या पोरांना प्रत्येक वस्तूमागे काही मानधन द्यावं, ते संयुक्त अनुदानातून सहज निघेल.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे, कारण पोस्ट वाचून कुणीतरी पकड घेऊन बसणार. वर सांगितलं ते सगळं जॅकच्या वायरीबद्दल आहे. तिच्यात शॉक बसण्याइतकी वीज नसते. भिंतीतल्या सॉकेटकडे जाणारी वायर म्हणजे २३० व्होल्ट. तिच्यावर पिळून टेप हा प्रकार कधीही करू नका, शाळेत तर नाहीच. ती अख्खी बदलायची. आणि सबवूफरचा डबा उघडायचा असेल तर प्लग काढून थोडा वेळ थांबायचं, कारण आतले मोठे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. हे ज्याला माहीत नाही त्याने डबा उघडू नये. दुरुस्तीचा हक्क म्हणजे प्रत्येकाने सगळं स्वतःच करायचं असं नव्हे. आपल्या गावात जो जाणकार आहे, त्याला ते करता आलं पाहिजे, त्याला माहिती आणि सुटा भाग मिळाला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

काही जण म्हणतील, पाचशे रुपयांत ब्लूटूथचा डबा मिळतो, कसली वायर घेऊन बसलात? त्या डब्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते आणि ती बहुतेक वेळा बदलता येईल अशी बसवलेलीच नसते. वायर तुटली तर निदान दिसते तरी.

२००९ मध्ये ॲमस्टरडॅमला मार्टीन पोस्टमा नावाच्या पत्रकार बाईंनी एक साधा उद्योग सुरू केला. ठरलेल्या दिवशी एका सभागृहात जाणकार बसतात, लोक बिघडलेल्या वस्तू आणतात, दोघं मिळून बघतात. रिपेअर कॅफे म्हणतात त्याला, आता कितीतरी देशांत चालतो. आपल्याकडे कॅफे नको, वाचनालयाची मागची खोली पुरे. वाचनालयाच्या कार्यवाहांशी बोललोय, टेबल आणि प्लग द्यायला ते तयार आहेत.

तर येत्या रविवारी सकाळी दहा ते एक मी तिथे मीटर आणि आयर्न घेऊन बसतोय, सोबत माझ्याबरोबर आयटीआयला असलेला एक मित्र आहे. स्पीकर, हेडफोन, चार्जरची वायर, रेडिओ असलं काहीही आणा. मिक्सर आणि इस्त्री यावेळी नको, त्याला वेगळी तयारी लागते. स्पीकर आणाल तर त्याचा अडॅप्टर आणि असतील तेवढ्या सगळ्या वायरी सोबत आणा, नुसता डबा आणून ‘वाजत नाही’ म्हणू नका. आधी कुणी जोड मारला असेल तर तो टेप काढू नका, तसाच आणा, बिघाड सहसा त्या टेपखालीच असतो. सुट्या भागाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, आणि मित्राच्या मजुरीसाठी टेबलावर एक डबा ठेवलेला असेल.